यंत्रे नौकेवर पोहोचली, विजेचे काय?

छोट्या मासेमारी नौकांच्या सुरक्षेसाठी उपग्रहाधारित यंत्रांचे वाटप सुरू झाले. मात्र ही यंत्रे ज्या बॅटरीवर चालायची, ती कोणती असावी, कशी चार्ज व्हावी आणि खराब झाल्यावर बदलायची कोणी, या प्रश्नांकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. धरणांच्या पाण्यात उतरणारे मच्छिमार तर या चर्चेत कुठेच नाहीत.

खर्डा (ता. जामखेड) : १७९५ मधील मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात नोंदले गेलेले खर्डा हे गाव समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक आत आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या या टापूत नौका आणि दर्या हे विषय सहसा निघत नाहीत. तरीही छोट्या मासेमारी नौकेवरील यंत्रांना वीज कशी पुरवावी, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथल्या बाजारात मिळते. पाठीवर अडकवायच्या फवारणीच्या ‘बॅटरी पंपा’त बसणारी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बंद बॅटरी आता ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. शहरात तिचीच जुळी बहीण संगणकाच्या ‘यूपीएस’मध्ये बसलेली असते. आणि कोकणच्या किनाऱ्यावर छोट्या होडीत मासळीचा ठाव घेणारे ‘फिशफाइंडर’ किंवा जीपीएस चालविण्यासाठी लागते तीही याच जातीची, १२ व्होल्टची छोटी बॅटरी.

शेतकऱ्याची बॅटरी फवारणीच्या मध्येच संपली, तर तो बांधावर येतो आणि उरलेले काम दुसऱ्या दिवशी करतो. मच्छिमाराला ही सोय नसते. रात्री किनाऱ्यापासून दूर असताना त्याची बॅटरी संपली, तर दिशा, संपर्क आणि उजेड या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी जातात. गेल्या दीड दशकात नौकांवर यंत्रे बसविण्यासाठी बरेच प्रयत्न झाले. त्या प्रयत्नांत बॅटरी हा दुवा मात्र कायम दुय्यम राहिला.

यंत्रे आली ती दुर्घटनांमागोमाग

छोट्या नौकांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रे असावीत, हा आग्रह दोन कारणांनी वाढला. पहिले कारण सुरक्षेचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन मुंबईच्या दिशेने आले होते. समुद्रातील हजारो नौकांपैकी आपली कोणती आणि परकी कोणती, हे ओळखण्याची व्यवस्था नाही, हे त्या घटनेने उघड केले. त्यानंतर २० मीटरपेक्षा मोठ्या नौकांना स्वयंचलित ओळख यंत्रणा, म्हणजे ‘एआयएस’, बंधनकारक झाली. त्याहून लहान नौकांचा प्रश्न पुढे बराच काळ लोंबकळत राहिला.

दुसरे कारण वादळांचे. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ने कोकणच्या मच्छिमारांना हवामानाचा इशारा वेळेत मिळण्याचे मोल शिकविले. २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ वादळात केरळ आणि तामिळनाडूच्या अनेक नौका भरकटत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ ही वादळे पाठोपाठ आली. पश्चिम किनारा वादळांपासून तुलनेने सुरक्षित आहे, हा जुना समज या काळात मोडीत निघाला.

या पार्श्वभूमीवर यंत्रांची मालिकाच सुरू झाली. संकटात सापडलेल्या नौकेने बटण दाबताच उपग्रहामार्फत संदेश पाठविणारे ‘डॅट’ हे उपकरण ‘इस्रो’ने विकसित केले आणि २०१० पासून ते वापरात आले. जानेवारी २०२४ मध्ये त्याची दुसरी पिढी आली. तिच्यात संदेश पोहोचल्याची पोच नौकेलाही मिळते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेने विमानतळ प्राधिकरणाच्या सहकार्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आणले. मोबाइलचे जाळे संपल्यानंतरही ते उपग्रहावरून हवामानाचा इशारा आणि मासळीच्या संभाव्य क्षेत्राची माहिती घेते व ब्लूटूथने मोबाइलवर उतरविते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघर येथे नौका संपर्क व साहाय्य प्रणालीचा देशव्यापी प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिकी व मोटार बसविलेल्या नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याचे उद्दिष्ट आहे.

ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. मात्र कोणत्याही ट्रान्सपाँडरला, तो कितीही अद्ययावत असला, तरी वीज लागते. आणि नौकेची जागा सतत कळवत राहायची, तर ती वीजही अखंड लागते.

नौका छोटी, तशी विजेची पंचाईत मोठी

मोठ्या ट्रॉलरवर हा प्रश्न फारसा जाणवत नाही. डिझेल इंजिन चालू असताना त्याला जोडलेला अल्टरनेटर ट्रकच्या आकाराच्या बॅटऱ्या चार्ज करीत राहतो. इंजिन बंद असले, तरी रात्रभर दिवे आणि वायरलेस चालेल एवढा साठा त्या बॅटऱ्यांत असतो. वजनाची चिंता नसते, जागेची नसते. केबिन असल्याने पाण्यापासूनही आडोसा मिळतो.

याउलट सहा-सात मीटरच्या फायबर होडीची स्थिती पाहा. मागे लटकविलेले आऊटबोर्ड इंजिन दोरी ओढून सुरू होते. अशा अनेक इंजिनांना बॅटरी चार्ज करण्याची सोयच नसते. केबिन नाही, छप्पर नाही. जाळी, बर्फ, मासळी आणि तीन-चार माणसे यांच्या पायाशी जिथे कोरडा कोपरा सापडेल, तिथे बॅटरी ठेवायची. वल्ह्यावर आणि शिडावर चालणाऱ्या होड्यांना तर वीज निर्माण करणारे काहीच नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेनुसार महाराष्ट्रात १७ हजार ३६२ सागरी मासेमारी नौका होत्या. त्यांपैकी १३ हजार १६ यांत्रिकी, १ हजार ५६३ मोटार बसविलेल्या आणि २ हजार ७८३ बिगरयांत्रिकी होत्या. आकडे जुने असले, तरी रचना कळण्यास पुरेसे आहेत. ट्रान्सपाँडर योजना पहिल्या दोन गटांसाठी आहे. तिसरा गट त्या योजनेच्या बाहेर आहे.

हिशेब करून पाहिला, तर...

छोट्या नौकेला नेमकी किती वीज लागते? हिशेब अवघड नाही, पण तो फारसा कोणी मांडत नाही. छोट्या पडद्याचे फिशफाइंडर-जीपीएस साधारण पाऊण अँपिअर प्रवाह घेते. दहा तासांच्या फेरीत झाले साडेसात-आठ अँपिअर-तास. नौकेवर बसविलेला २५ वॅटचा व्हीएचएफ वायरलेस नुसते ऐकत असताना पाव ते अर्धा अँपिअर घेतो. म्हणजे आणखी सुमारे चार. तोच संच बोलताना मात्र पाच ते सहा अँपिअर ओढतो. दिवसभरात एकूण वीस मिनिटे बोलणे झाले, तरी त्याचे दोन अँपिअर-तास धरावे लागतात. एलईडीचा मार्गदर्शक दिवा दोन-अडीच घेतो. बेरीज सोळाच्या आसपास जाते. मोबाइल चार्ज करायचा असेल, तर ती आणखी वाढते.

आता फवारणी पंपाच्या ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीकडे पाहू. शिसे-आम्ल प्रकारातील बॅटरी टिकवायची असेल, तर तिच्यातील निम्मीच वीज वापरावी, असा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे हाती राहतात चार अँपिअर-तास. एकटे फिशफाइंडर त्यावर पाच तास चालेल. सोबत वायरलेस जोडला, तर तीन तासांच्या आतच साठा आटोपेल. पूर्ण फेरीसाठी शिसे-आम्ल प्रकारात किमान ३२ अँपिअर-तासांची बॅटरी हवी. तिचे वजन दहा किलोच्या घरात जाते. एवढी बॅटरी किनाऱ्यावरून खांद्यावर वाहायची, होडीत ठेवायची, परत आल्यावर घरी नेऊन चार्ज करायची, हे रोजचे काम.

या ठिकाणी लिथियम बॅटरीचे महत्त्व लक्षात येते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम व्यापारी स्वरूपात बाजारात आली. तिच्या जनकांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात लिथियम-लोह-फॉस्फेट हा प्रकार पुढे आला. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावेही आहेत. मोबाइलमधील लिथियम बॅटरीपेक्षा हा प्रकार थोडा जड असतो. पण तो सहजासहजी पेट घेत नाही, दोन हजारांच्या आसपास वेळा चार्ज होऊ शकतो आणि साठ्यातील ८० ते ९० टक्के वीज निर्धोकपणे वापरू देतो. वरच्या हिशेबातील सोळा अँपिअर-तासांसाठी या प्रकारातील २० अँपिअर-तासांची, सुमारे अडीच किलो वजनाची बॅटरी पुरते. जेवणाच्या डब्याएवढी वस्तू हातात धरून नेता येते.

किंमत मात्र शिसे-आम्लाच्या दुप्पट-तिप्पट पडते. रोजच्या वापरात पूर्ण उतरविली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी दोन-तीनशे फेऱ्यांत मान टाकते. त्यामुळे चार-पाच वर्षांचा विचार केला, तर लिथियमच स्वस्त ठरते. पण हंगामाच्या सुरुवातीला जाळे, डिझेल आणि बर्फ यांसाठी उसनवारी करणाऱ्या मच्छिमाराला पाच वर्षांचा हिशेब मांडण्याची उसंत नसते. तो त्या दिवशी खिशाला परवडेल, तीच बॅटरी घेतो.

ऐकू येते, पण बोलता येत नाही

बॅटरीचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. तो जीवाशी कसा येतो, हे समजण्यासाठी वायरलेसच्या वरील आकड्यांकडे पुन्हा पाहावे लागेल. संच ऐकताना जेवढी वीज घेतो, त्याच्या दहापट किंवा त्याहून अधिक बोलताना घेतो. शिसे-आम्ल बॅटरी जुनी झाली, की ती मंद प्रवाह देत राहते, परंतु मोठ्या प्रवाहाची मागणी होताच तिचा दाब कोसळतो. परिणाम असा, की संच चालू दिसतो, दिवा लागलेला असतो, इतर नौकांचे बोलणे स्वच्छ ऐकू येते. तांडेल मदतीसाठी बटण दाबतो आणि त्याच क्षणी संच बंद पडतो. बटण सोडले, की पुन्हा सुरू होतो. संकट येईपर्यंत हा दोष लक्षातच येत नाही, कारण तोवर कोणी मोठ्या शक्तीवर बोललेलेच नसते. बंदरातून निघण्यापूर्वी एकदा पूर्ण शक्तीवर बोलून पाहणे हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

लिथियमचा धोका याच्या उलट स्वरूपाचा आहे. शिसे-आम्ल बॅटरी संपत आल्याची लक्षणे दाखविते. दिवा मंदावतो, पडदा लुकलुकतो. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा दाब मात्र जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर राहतो. साठा ठराविक पातळीखाली गेला, की आतील संरक्षक मंडल सारा पुरवठा एकदम तोडते. पूर्वसूचना मिळत नाही. जुन्या सवयीने दिव्याच्या उजेडावरून बॅटरीचा अंदाज घेणारा मच्छिमार इथे फसतो. म्हणूनच उरलेला साठा दाखविणारा छोटा मापक सोबत असणे ही चैन नव्हे, तर गरज आहे.

खाऱ्या पाण्याचा त्रास दोन्हींना आहे. टोकांवर गंज चढतो, जोड सैल होतात, तारांच्या आत हिरवट क्षार शिरतो. उघड्या शिसे-आम्ल बॅटरीत समुद्राचे पाणी शिरल्यास विषारी क्लोरिन वायू तयार होऊ शकतो. बॅटरीजवळ फ्यूज नसेल, तर तारांचे शॉर्टसर्किट आगीला निमंत्रण ठरते. फायबरच्या होडीत आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. झाकण घट्ट बसणारी पेटी, फ्यूज आणि कथील चढविलेली तांब्याची तार या तीन वस्तूंची किंमत बॅटरीच्या तुलनेत किरकोळ आहे. तरीही या वस्तू नसल्याने बॅटरी निकामी होते आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

पावसाळी बंदी आणि बॅटरीची झोप

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची आणखी एक खास अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी मासेमारीला बंदी असते. नौका शाकारल्या जातात, जाळी विणली जातात, इंजिनांची डागडुजी होते. बॅटरी मात्र जिथे असेल तिथे पडून राहते. अर्धवट उतरलेली शिसे-आम्ल बॅटरी दोन महिने तशीच राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती पुन्हा पूर्ण क्षमतेने चार्ज होत नाही. म्हणजे नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून हंगाम सुरू होतो, तेव्हा बाहेरून धडधाकट दिसणारी बॅटरी आतून निम्मी झालेली असते. आणि हंगामाच्या सुरुवातीचे हेच दिवस समुद्र पुरता शांत न झाल्याचे असतात.

उपाय साधा आहे. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करावी. लिथियम बॅटरी साधारण अर्ध्या साठ्यावर, थंड व कोरड्या जागी ठेवावी. शिवाय लिथियमला तिच्यासाठी असलेलाच चार्जर लावावा. जुना चार्जर तोच चालतो, या समजुतीपोटी अनेक महागड्या बॅटऱ्या अकाली निकामी होतात. ही माहिती बॅटरीच्या खोक्यावर बारीक इंग्रजीत असते. बंदरावर ती मराठीत फलकावर असायला हवी.

सौरऊर्जेची जोड हा उपाय अनेकदा सुचविला जातो. ५० वॅटची सौरपट्टी स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे २०० वॅट-तास वीज देते. वरच्या हिशेबातील गरजही साधारण तेवढीच आहे. म्हणजे हा मेळ कागदावर उत्तम बसतो. अडचण एवढीच, की आकाश भरून येते, वारा उठतो आणि वायरलेसची सर्वाधिक गरज भासते, तेव्हाच सौरपट्टीचे उत्पादन घसरते. त्यामुळे सौरपट्टी ही बॅटरीला पूरक ठरू शकते, पर्याय नाही. किमान दोन दिवस ढगाळ गेले, तरी संपर्काची यंत्रे चालतील एवढा राखीव साठा नौकेवर हवाच.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागेल. आणीबाणीत संदेश देणाऱ्या जागतिक दर्जाच्या उपकरणांत सहसा पुन्हा चार्ज न होणारी, वर्षानुवर्षे साठा टिकविणारी लिथियम बॅटरी स्वतंत्रपणे बसविलेली असते. ठराविक मुदतीनंतर ती बदलावी लागते. रोजच्या वापराची बॅटरी संपली, तरी शेवटची हाक देता यावी, हा त्यामागील विचार आहे. चार्ज होणाऱ्या बॅटरीवरच सारी भिस्त ठेवणे म्हणूनच धोक्याचे ठरते. हातात धरायचा, पाण्यावर तरंगणारा व्हीएचएफ संच आणि त्याची भरलेली बॅटरी पिशवीत असणे, हा छोट्या होडीसाठी दुसरा बचाव ठरू शकतो.

‘बॅटरी संपली होती’

या प्रश्नाला प्रशासकीय बाजूही आहे. ट्रान्सपाँडरमुळे नौका कुठे आहे, हे किनाऱ्यावर कळते. त्यामुळे मदत लवकर पोहोचते, तसेच निषिद्ध क्षेत्रातील मासेमारीही उघडी पडते. साहजिकच काही नौकामालक यंत्र बंद ठेवतील, ही भीती अनाठायी नाही. राज्याने जानेवारी २०२५ मध्ये अवैध मासेमारीवर ड्रोनद्वारे नजर ठेवण्यास सुरुवात केली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

अशा वेळी ‘बॅटरी संपली होती’ हे उत्तर खरे की खोटे, हे ठरविणार कसे? नौकेवरील बॅटरीला प्रमाण नाही, तिची तपासणी नाही, साठ्याची नोंद नाही. मग मुद्दाम यंत्र बंद करणारा आणि खरोखर अडचणीत आलेला, या दोघांना एकाच तराजूत तोलले जाते. प्रामाणिक मच्छिमाराला नाहक दंड होतो किंवा लबाडाला आयती सबब मिळते. आंतरराष्ट्रीय सागरी सीमेजवळ तर याची किंमत फार मोठी असते. पालघर जिल्ह्यातील अनेक खलाशी गुजरातच्या नौकांवर कामाला जातात. पाकिस्तानी यंत्रणेने पकडलेल्या मच्छिमारांत त्यांचाही समावेश असल्याचे वेळोवेळी दिसून आले आहे. सीमेच्या अलीकडे की पलीकडे, हे सांगणारा जीपीएसचा पडदा ऐन वेळी काळा पडणे म्हणजे काय, हे त्यांच्या कुटुंबांना सांगावे लागत नाही.

धरणातला मच्छिमार कोणाच्या यादीत?

एवढी चर्चा झाली, तरी ती किनाऱ्यापुरतीच राहते. खर्डा परिसरात खैरीसारखा मध्यम प्रकल्प आहे. जामखेडला लागून असलेल्या कर्जत तालुक्याच्या दक्षिण कडेला भीमेवरील उजनी जलाशयाचा फुगवटा पसरला आहे. राज्यातील अशा जलाशयांत सहकारी संस्थांमार्फत ठेक्याने मासेमारी चालते. कटला, रोहू, मृगळ आणि चिलापीवर हजारो कुटुंबांची गुजराण होते. पत्र्याच्या होड्या, थर्मोकोलचे तराफे, हवा भरलेल्या ट्यूब ही त्यांची साधने. संध्याकाळी जाळी टाकायची आणि पहाटेच्या अंधारात काढायची, ही कामाची रीत.

या भागात ‘बॅटरी’ म्हटले, की आधी आठवते ती हातातील विजेरी. जलाशयात उतरणाऱ्याचे इलेक्ट्रॉनिक साहित्य म्हणजे कपाळावर बांधलेला दिवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. ट्रान्सपाँडरची योजना त्याच्यासाठी नाही आणि व्हीएचएफचा संच इथे कोणी ऐकणारही नाही. मात्र धोका आहेच. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. ती मासेमारीची नौका नव्हती. पण वळवाच्या वाऱ्यात उजनीचे पाणी किती क्रूर होऊ शकते, हे त्या संध्याकाळी दिसले. त्याच पाण्यावर मच्छिमार रोज असतो.

जलाशयावर महागडी उपकरणे लागत नाहीत. मोबाइलचे जाळे बहुतेक ठिकाणी पोहोचते, विजेचा इशारा देणारे केंद्र सरकारचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲपही उपलब्ध आहे. गरज आहे ती रात्रभर पुरणाऱ्या, भिजली तरी न बिघडणाऱ्या छोट्या बॅटरीची आणि दुरून दिसेल अशा दिव्याची. बाजारातील ‘पॉवर बँक’ या कामी येऊ शकते. मात्र तिच्यावरील आकडा फसवा असतो. २० हजार मिलिअँपिअर-तास हा आकडा आतील ३.७ व्होल्टच्या हिशेबाने लिहिलेला असतो. १२ व्होल्टच्या भाषेत तो जेमतेम सहा अँपिअर-तास होतो, म्हणजे फवारणी पंपाच्या बॅटरीहूनही कमी. सर्व बॅटऱ्यांवर साठा वॅट-तासांत ठळकपणे छापण्याची सक्ती केली, तर शेतकरी, मच्छिमार आणि शहरी ग्राहक अशा तिघांचीही फसगत टळेल.

यंत्रांऐवजी तास मोजा

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीप्रमाणे कर्ज, विमा आणि वीजदराच्या सवलती मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. या निर्णयाचा लाभ प्रामुख्याने शीतगृहे, बर्फ कारखाने आणि मत्स्यबीज केंद्रे यांच्या संदर्भात चर्चिला जातो. त्यात बॅटरीचाही विचार करता येईल. प्रत्येक मासळी उतरविण्याच्या केंद्रावर आणि मोठ्या जलाशयाच्या काठी सामाईक चार्जिंग कक्ष उभारणे फार खर्चिक नाही. मच्छिमार सहकारी संस्थेने तो चालवावा, एकाच मापाच्या बॅटऱ्या ठेवाव्यात, सभासदाने रिकामी देऊन भरलेली घ्यावी. शहरांत विजेवर चालणाऱ्या रिक्षांसाठी बॅटरी बदलण्याची पद्धत रुळू लागलीच आहे.

बॅटरी खरेदीला अनुदान देताना ती सुटी न देता पेटी, फ्यूज, मापक आणि योग्य चार्जर यांसह द्यावी. मासेमारीच्या जाळ्यांवर ५ टक्के आणि लिथियम बॅटरीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, ही तफावत नौकेसाठीच्या बॅटरीपुरती तरी कमी करता येईल का, याचाही विचार व्हावा. निकामी बॅटऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्नही आताच सोडवायला हवा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण बंदरावर किंवा खर्ड्यासारख्या बाजारगावात त्या परत घेण्याची हक्काची जागा नसेल, तर शिसे भंगारवाल्याकडे आणि लिथियम खाडीत किंवा ओढ्यात जाणार, हे उघड आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे योजनेच्या यशाचे माप बदलले पाहिजे. किती नौकांवर यंत्रे बसविली, हा आकडा सहज जमविता येतो आणि जाहीरही करता येतो. त्यांपैकी किती यंत्रे समुद्रात असताना पूर्णवेळ चालू राहिली, हा खरा आकडा आहे. ट्रान्सपाँडरच्या संदेशांतूनच तो काढता येईल. एखाद्या बंदरातील नौका मध्यरात्रीनंतर एकापाठोपाठ नकाशावरून नाहीशा होत असतील, तर ती सारी लबाडीच असेल असे नाही. तिथे बॅटरीचा प्रश्न आहे का, हे जाऊन पाहावे लागेल.

पुढच्या वादळात १५५४ या तटरक्षक दलाच्या क्रमांकावर किंवा व्हीएचएफच्या १६ व्या वाहिनीवर मदतीची हाक येईल, तेव्हा ती घेण्यासाठी यंत्रणा जागी असेलच. हाक देणाऱ्याच्या हातातील संचात तेवढी वीज असेल का, याची काळजी मात्र नौका बंदर सोडण्यापूर्वीच घ्यायला हवी.